वरून फिरवलेलं सिलिकॉन

शिडी अर्धी चढून झाली आणि बाईंना बोटीचा वास आला. ओलं पोतं, डिझेल आणि आठवडाभर न बदललेलं फुलदाणीतलं पाणी, असा तो तीनपदरी वास. त्या तिथेच थांबल्या, नाक मुरडलं आणि मनाशी म्हणाल्या, सुरुवात तर झकास झाली.

बाईंचं लॉज होतं. जन्म त्यातच गेलेला, त्यामुळे वासाच्या बाबतीत त्यांना फसवणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. खोलीचं दार उघडलं की आतला पाहुणा काय खाऊन गेला, खिडकी केव्हापासून उघडली नाही आणि न्हाणीचं पाणी कुठे मुरतंय, हे त्या उंबऱ्यावरून सांगत. माणसांचंही तसंच. समोर आलेल्या माणसाच्या नावाने त्यांच्या डोक्यात लगेच खातं उघडे, आणि त्यात उणी बाजू, म्हणजे नावेची, जमेच्या आधी भरायला घेतली जाई.

हल्ली सगळ्यात भरगच्च खातं होतं ते या बोटीच्या मालकाचं. बाई त्याला ‘कप्तान’ म्हणत. बोट चालवण्याचा दाखला त्याच्याकडे होताही, पण बाईंच्या तोंडून तो शब्द आला की मेलेलं झुरळ मिशीला धरून बाहेर टाकल्यासारखा वाटे. या कप्तानाबरोबर बाईंची एकुलती एक लेक ठमी वर्षभर भर समुद्रात जाणार होती. लग्न? ते परत आल्यावर. घर? हेच. उद्या सकाळी क्रेन येणार, लोखंडी टेकूंवर उभी असलेली ही म्हातारी बोट उचलून पाण्यात सोडणार, आणि त्याच आठवड्यात दोघं निघणार.

बाई आल्या होत्या मदतीला. निदान सांगितलं तसं होतं. खरं म्हणजे त्यांना एक कारण हवं होतं. भक्कम, हातात धरून दाखवता येईल असं एक कारण, की जे पाहून ठमीला हसून उडवून लावता येणार नाही आणि ती मुकाट्याने बॅग भरून घरी येईल.

“आई, अशी मधेच काय लटकलीस वटवाघळासारखी? वर ये ना!” डेकवरून ठमीचं डोकं डोकावलं.

“येतेय. आधी तुझ्या राजवाड्याचा सुगंध तरी घेऊ दे.”

राजवाडा आतून आणखी बहारीचा होता. गाद्या हाताला दमट लागत होत्या, सोडताना बोटांना किंचित चिकटत होत्या. भांडी घासायच्या स्पंजला स्वतःचा असा एक रंग आला होता, जो दुकानात कुठल्याच स्पंजला नसतो. संडासात बसलं तर गुडघे दाराला, मान छताला, आणि काम झाल्यावर हाताने पंप मारायचा. तो मारताना आतून जो आवाज आला तो बाईंनी याआधी फक्त एका पाहुण्याच्या घशातून, तो खूप पिऊन आला त्या रात्री ऐकला होता. कोपऱ्याकोपऱ्यांत बुरशीचे काळे ठिपके. त्यातले काही कोणीतरी पुसले होते, म्हणजे त्यांचे आता पट्टे झाले होते.

“कशी वाटली?” ठमीने विचारलं. डोळे असे चमकत होते की बाईंना तिच्या कानफटात मारावीशी वाटली.

“हवेशीर आहे,” बाई म्हणाल्या. “वर भोकं असतील बहुतेक.”

“आई!”

“बरं बाई, राहिलं.”

कप्तान मागे उभा राहून हसला. उंच, हडकुळा, नखांत कायमचं काळं. बाईंनी ती नखं पाहिली आणि नावेची बाजू पुढे सरकवली. ठमीला प्रवासाचं सामान आणायला बाजारात जायचं होतं; डबे, पीठ, साबण, काड्यापेट्या. बोटदुरुस्तीच्या यार्डातल्या कोणाची तरी गाडी तिने मागून घेतली होती. जाताना तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “मी येईपर्यंत दोघंही जिवंत राहा. तेवढंच सांगते.”

ती गेली. मग कप्तानाने मान खाजवली.

“काकू, पुढच्या बाजूला दोर गुंडाळायची एक खुंटी बसवायची राहिलीय. पण एकट्याने होत नाही. वर एक माणूस लागतो, आतून एक. ठमी आली की—”

“मी काय मेलेय?” बाई म्हणाल्या. “आत जाते मी.”

कोणाचं घर पारखायचं तर दिवाणखान्यात बसून पारखता येत नाही, त्याच्या न्हाणीत शिरावं लागतं, असं बाईंचं ठाम मत होतं. बोटीला न्हाणी नव्हती. तेव्हा पुढच्या टोकाचं, दोर ठेवायचं ते भोक त्यांनी न्हाणी समजून पत्करलं. आत शिरायला आडवं व्हावं लागलं. पाठीखाली ओल्या दोरखंडाचं वेटोळं, कुशीला कसलीशी बुळबुळीत पिशवी, आणि नाकासमोर, अगदी विचारपूस करायला आल्यासारखा, एक कुजका मोजा. मोजा कप्तानाचाच असणार. तोही खात्यावर गेला.

“ऐकू येतंय ना काकू?” वरून आवाज आला. “आता मी भोकातून बोल्ट खाली सोडतो. तुम्ही वॉशर आणि नट लावा. मी वरून स्क्रू-ड्रायव्हरने बोल्टचं डोकं नुसतं धरून ठेवणार. बोल्ट फिरू द्यायचा नाही. तो फिरला की भोवतीचं सीलंट, म्हणजे फट बुजवणारी ती पांढरी लुकण, तुटतं आणि मग गळायला लागतं. फिरवायचा तो फक्त खालचा नट. आणि अर्धाच आवळायचा. सीलंट रबरासारखं घट्ट झालं की मग उरलेला.”

“म्हणजे तुम्ही वर नुसते धरून बसणार आणि मी खाली घाम गाळणार.”

“हो.”

“संसाराची चांगली तयारी केलीय.”

वरून हसू ऐकू आलं. बाईंनी नट लावला, पान्याने फिरवला. भोकाच्या कडेने पांढरं सीलंट लोंबत आलं आणि नेमकं त्यांच्या केसांत उतरलं. त्यांनी दात आवळले. हे केसांतून निघणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. लॉजच्या न्हाण्यांत हा राक्षस त्यांनी जन्मभर पाळला होता.

पण मनात एक गोष्ट टोचत होती. बाईंनी आत शिरण्याआधी वरचं काम पाहिलं होतं, आणि त्यात नाव ठेवायला जागा सापडली नव्हती. खुंटी पूर्ण उचललेली. खालचं जुनं सीलंट पात्याने खरवडून, स्पिरिटने पुसून काढलेलं. भोकं मोठी करून आतलं लाकूड राळेने बंद केलेलं आणि मग त्या राळेतून नव्याने भोक पाडलेलं. “वर फायबर, खाली फायबर, मधे हलकं लाकूड, अशी डेक असते,” त्याने सांगितलं होतं. “मधल्या लाकडाला पाणी लागलं की संपलं. बाहेरून काही दिसत नाही.” त्याने कडेने चिकटपट्टी लावली होती, ती सुद्धा सरळ. जमेच्या बाजूला काही लिहिण्याची वेळ आली की बाईंची शाई नेहमी वाळलेली असे.

“बाकीचं?” बाहेर येऊन केस चाचपत त्यांनी विचारलं. “डेकवर तर पुष्कळ ठोकाठोक दिसते.”

“पुढचं सगळं झालं. मागचं तर त्याआधीच झालंय.”

“कोणी केलं?”

“आम्हीच,” कप्तान म्हणाला आणि पाण्याचा पाइप ओढायला गेला.

बाई मधल्या खोलीत आल्या आणि बाकावर आडव्या झाल्या. उशीला त्यांनी आधी आपला रुमाल अंथरला. वर कप्तान डेक धूत होता. पाइपाचा आवाज इकडून तिकडे फिरत होता. डोळा लागणार एवढ्यात गालावर काहीतरी टपकलं.

बाईंनी बोटाने पुसलं. तपकिरी. त्यांनी ते बोट नाकापाशी नेलं आणि त्या ताडकन उठून बसल्या. फुलदाणीतलं पाणी. शिडीवर जो वास त्यांना सामोरा आला होता, त्याचं माहेर सापडलं होतं. दुसरा थेंब उशीवरच्या रुमालावर पडला आणि कडेकडेने पसरत गेला.

“कप्तान! पाणी बंद करा!”

“काय झालं काकू?”

“तुमची बोट माझ्या तोंडावर थुंकली.”

तो धावत आत आला. बाईंनी छताकडे बोट दाखवलं. तिथून एक जाड पोलादी पट्टी छत फोडून खाली आली होती आणि आतल्या फळीला बोल्टांनी आवळलेली होती. फळीच्या वरच्या कडेने तपकिरी पाणी झिरपत होतं. कप्तान तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा बाईंनी नीट वाचला, वाचायचा तर धंदाच होता त्यांचा. आधी आश्चर्य. मग आणखी काहीतरी, जे त्याने घाईघाईने आत ढकललं, पाहुणा आला की आपण पलंगाखाली कपडे ढकलतो तसं.

“ही कशाची पट्टी?”

“हिला वरून तार बांधलेली असते. डोलकाठीला या बाजूने ताणून धरणारी.”

“आणि ही सुटली तर?”

“सुटत नाही ती.”

“कप्तान, मी विचारलं, सुटली तर?”

“तर डोलकाठी पडते,” तो म्हणाला. “पण ते झालंय काकू. ते मागच्या भागात येतं. सगळं नवीन सीलंट आहे तिथे.”

“मग उघडून दाखवा.”

“उद्या क्रेन आहे. आता उघडलं तर—”

“उघडा.”

तो हलला नाही. बाईंच्या छातीत एक गोड ऊब पसरली. हेच ते. भक्कम, हातात धरून दाखवता येईल असं. आळशी मेला, कडेने फासलं असणार आणि झालंय म्हणून मोकळा. त्यांनी स्वतःच खरवडायचं पातं उचललं आणि डेकवर गेल्या.

वरून पाहिलं तर काम देखणं होतं. पट्टी जिथून डेकमध्ये शिरत होती तिथे पांढऱ्याशुभ्र सिलिकॉनची गोट फिरवली होती, शाळेच्या रांगोळीसारखी एकसारखी. बाईंनी पातं खाली घातलं. गोट सुटली आणि लांबच लांब निघत आली, भाजलेल्या पाठीची कातडी निघते तशी. तिच्याखाली आणखी एक गोट निघाली, पिवळी. तिच्याखाली काळी, आणि ती काळी तर बोटाला लागताच नुसता शेंबूड झाली. केस, माशीचा पंख, कुठल्या तरी जुन्या मालकाच्या विडीचं थोटूक, सगळं त्यात जपून ठेवलेलं. एकावर एक, एकावर एक. खालचं कोणी कधी काढलंच नव्हतं.

“शी!” बाई म्हणाल्या, आणि त्या ‘शी’मध्ये आनंद मावत नव्हता. “हे तुमचं नवीन सीलंट! घरातल्या मढ्यावर चादर घालून वर फुलदाणी ठेवलीत. या अशा बोटीतून माझी पोर नेणार होतात?”

कप्तानाने पाना घेतला, आत गेला, बोल्ट सोडवले. मग वर येऊन पट्टी हलवून हलवून उपटून काढली. त्याबरोबर भोकातून जो भपकारा आला त्याने यार्डातलं एक कुत्रं दुरून मान वळवून पाहायला लागलं. कप्तानाने आत स्क्रू-ड्रायव्हर घातला. तो मुठीपर्यंत गेला. बाहेर आला तेव्हा त्याला चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी लागलेलं होतं, आणि त्या चोथ्यात पांढरं बारीक काहीतरी वळवळत होतं. हे मधलं लाकूड.

मग त्याने पट्टीचे बोल्ट हातात घेतले. टोकांना चकचकीत, आणि मधे, जिथे ते ओल्यात उभे होते, तिथे बोरूसारखे कुरतडलेले. एक त्याने दोन बोटांनी वाकवला. तुटला.

बाईंच्या अंगावर काटा आला. आनंद त्या काट्यांतून कुठल्या कुठे गळून गेला. हा बोल्ट. समुद्रात. वाऱ्यात. वर ठमी.

हातात अजून ती पांढरी गोट होती. फेकून द्यायला म्हणून त्यांनी हात उचलला आणि सहज तिच्या टोकाकडे पाहिलं.

टोकाला नखाची कोर होती.

गोट फिरवायची, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून तिच्यावरून गुळगुळीत करत न्यायचं, आणि शेवटी जिथे ती संपते तिथे अंगठ्याचं नख दाबायचं, म्हणजे शेपूट राहत नाही. असं जगात कोणी करत नाही. प्लंबर कापडाने पुसतात, गवंडी थापीने. बाई करत. लॉजच्या प्रत्येक न्हाणीत, बादल्यांच्या मागे, अशी एकेक कोर होती. आणि ठमी गुडघ्याएवढी होती तेव्हा तिचा अंगठा हातात धरून बाईंनी तिला ती शिकवली होती. संध्याकाळची गाडी यायची, पाहुणे दारात, काळं झालेलं सिलिकॉन काढायला वेळ कुणाला? “वरून फिरव गं. पाहुणा चार दिवसांनी जातो, त्याला काय खाली बघायचंय?” आणि पाहुण्याने कधी बघितलंच, तर, “काय सांगू साहेब, त्या प्लंबरने केलंन् मेल्याने.”

बाईंनी कप्तानाकडे पाहिलं. तो भोकातला चोथा चमच्याने काढत होता, मान वर न करता. त्याला केव्हाच कळलं होतं. पलंगाखाली ढकललेले कपडे ते होते.

ठमी आली तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि ती शिडीवरूनच बोलत येत होती. “साबण एकदम घेतला, स्वस्त पडला, आणि आई, तुला तो—” मग तिला भोक दिसलं. भोकाशेजारी मांडलेले बोल्ट. वर्तमानपत्रावर काढलेला चोथ्याचा ढीग.

पिशव्या तिने फार हळू खाली ठेवल्या.

“काय झालं?”

कप्तान उठला. हात पँटला पुसले. “हे उघडावं लागलं. गळत होतं. माझ्याच हातून राहिलं असणार.”

बाई लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आता ही बोलेल. आता. ठमीचे ओठ हलले, आणि मग तिच्या खांद्यांतून काहीतरी सैल सुटलं. सुटका. ती सुटका बाईंच्या इतकी ओळखीची होती की आरशात बघत असल्यासारखं वाटावं. पाहुणा प्लंबरला शिव्या देत खोलीत परत गेला की अशीच सुटते.

“अरे, तू नीट बघायला हवं होतंस ना,” ठमी म्हणाली. आवाज बारीक, पण म्हणाली.

आत्तापर्यंत बाईंना ज्या ज्या गोष्टींची शिसारी आली होती, तो मोजा, तो पंप, तो चोथा, त्या सगळ्या एका पारड्यात घातल्या असत्या तरी हे एक वाक्य खाली गेलं असतं. आणि त्याच क्षणी, स्वभावच तो, त्यांच्या डोक्यात हिशेबही उभा राहिला. काही करायची गरजच नव्हती. नुसतं गप्प बसायचं. कप्तानाने आळ अंगावर घेतलाय, पोरीने तो त्याच्या अंगावर राहू दिलाय. आता दोघांच्या मधे हे कुजत राहील. महिन्याभरात लेक घरी. बाईंना हवं ते हवं तसं, हात न लावता.

त्यांनी ती पांढरी गोट ठमीपुढे धरली.

“हे काय आहे?”

“सिलिकॉन.”

“टोक बघ.”

ठमीने बघितलं. कानापर्यंत लाल झाली.

“अंगठा दाखव,” बाई म्हणाल्या.

“आई, प्लीज—”

“दाखवू नकोस मग, मीच दाखवते.” बाईंनी आपला अंगठा कप्तानापुढे केला. “हे आमच्या घरचं काम आहे. याला बाहेरचा माणूस लागत नाही. हिचं नाव नाही मी घेत, माझं घेते. पण तू उगाच हे ओढून घेऊ नकोस. तुला हे येतच नाही. तुझी ती खुंटी बघितली मी.”

तुम्हीचं तू झालं होतं. कप्तानाच्या ते लक्षात आलं, बाईंच्या नाही.

मग ठमी एकदम बोलली, आणि बोलली ती बाईंकडे बघून.

“तो तीन महिने कामावर गेला होता. मी इथे एकटी होते. मी सुरुवात केली होती नीट, खरंच केली होती. पहिला बोल्ट वरून धरला, खाली धावत गेले, नट फिरवायला लागले, तर वर बोल्टच फिरतोय. पुन्हा वर, पुन्हा खाली. दिवसभर. रडले मी त्या भोकात बसून. मग म्हटलं, वरून फिरवते, तो आला की बघू. तो आला, त्याने विचारलं झालं का, मी झालं म्हणाले.” तिने नाक पुसलं. “एकट्याने होत नाही ते, आई.”

“मग कोणाला तरी बोलवायचंस!”

“कोणाला? तुला?”

बाईंनी हातातली गोट खाली ठेवली.

“तुला बोलावलं असतं तर तू आली असतीस, नाक धरून. खाली शिरली असतीस. आणि प्रत्येक नटाला म्हणाली असतीस, ‘सांगत नव्हते?’ त्यापेक्षा मला हे परवडलं.”

“परवडलं!” बाईंनी तो तुटका बोल्ट उचलून तिच्या पुढ्यात टाकला. “हे परवडलं?”

ठमी त्या बोल्टकडे बघत राहिली. मग शिडीवरून उतरली आणि यार्डाच्या टोकाला, गंजलेल्या पिंपांच्या मागे गेली. ओकल्याचा आवाज आला. कप्तान पाण्याची बाटली घेऊन उठला, जरा थांबला, आणि बाटली बाईंच्या हातात दिली.

“तुम्ही जा,” तो म्हणाला. “मी आत्ता गेलो तर मी ओरडेन.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. ओरडायला पाहिजे एवढी अक्कल होती, आणि आत्ता नको एवढीही होती. शाई वाळली असली तरी हे लिहून घ्यावं लागलं.

पिंपांमागे ठमी उकिडवी बसली होती. बाईंनी बाटली दिली, पाठीवर हात ठेवला नाही. ठेवला असता तर पोरगी फुटली असती आणि मग कामाचं काही बोलता आलं नसतं.

“मागच्या भागात असं किती ठिकाणी आहे?”

“सगळीकडे,” ठमी म्हणाली.

“चल, त्याला सांग. तू सांग. क्रेनवाल्याला तो सांगेल.”

क्रेन आली नाही. निघायचा आठवडा गेला, मग पुढचाही. बाईंना हवं होतं तसं सगळं लांबणीवर पडलं होतं, आणि त्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता, कारण रोज सकाळपासून त्या कुठल्या ना कुठल्या भोकात पाठीवर पडलेल्या असत. कप्तान सडलेलं लाकूड कोरून काढी, नवं भरी, भोकं राळेने बंद करी. बसवायचं काम मायलेकींकडे. पहिले दोन दिवस कप्तान ठमीशी कामापुरतंच बोलला. तिसऱ्या दिवशी तो तिच्यावर ओरडला, यार्डातल्या कुत्र्यासकट सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि तीही उलट ओरडली, आणि त्यानंतर दोघं एका ताटात जेवली. बाई त्या वेळी इंजिनाच्या शेजारी आडव्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि कोणाचीच बाजू घेतली नाही, हे त्यांना फार जड गेलं.

“फिरवू नकोस!” त्या खालून ओरडत. “नुसतं धर! फिरवायचं मी बघते!”

“धरलंय! तू अर्धाच आवळ!”

“मला शिकवू नकोस!”

“‘सांगत नव्हते?’ म्हणालीस का?”

“नाही म्हणाले!”

“विचार केलास!”

“विचार करायला पण आता तुला विचारू?”

डेकच्या कठड्याचा शेवटचा खांब बसवताना जास्तीचं सीलंट कडेने बाहेर आलं आणि ठमीचा अंगठा सवयीने पुढे गेला. खालून बाईंना दिसत नव्हतं, पण वरची हालचाल थांबली हे कळलं.

“काय झालं गं?”

“काही नाही. हात धुऊन येते.”

त्या दिवशी त्यांनी सगळ्या डेकवर पाइप सोडला आणि बाई त्याच बाकावर, त्याच उशीवर आडव्या राहिल्या. एक थेंब आला नाही. गादी मात्र अजून दमट होती, स्पंज तोच होता, आणि बाईंच्या हाताचा वास साबणाने, लिंबाने, डिझेलनेही गेला नव्हता. हा वास घेऊन घरी जायचं आणि लेक मागे ठेवून जायचं. ती जाणारच होती. आता ती जाणार हे कळल्यावर बाईंना पोटात कळ आली, पण त्या कळेत तो बोल्ट नव्हता.

त्यांनी पडल्या पडल्या लॉजवर मागे राहिलेल्या नवऱ्याला फोन लावला.

“अगं, केव्हा येतेस?” तो म्हणाला. “इथे चादरी संपल्यात.”

“येते परवा. आधी एक करा. आठ नंबरच्या न्हाणीतलं सिलिकॉन काढा.”

“का? चांगलं दिसतंय की. तूच तर मागच्या महिन्यात फिरवलंस.”

“म्हणूनच. अहो, पातं घाला आणि काढा. मग सात नंबर. मग सगळ्या.”

“खोल्यांत पाहुणे आहेत!”

“त्यांना दुसऱ्या मजल्यावर हलवा.”

“आणि विचारलं कोणी, तर काय सांगू? प्लंबरने—”

“प्लंबरचं नाव काढाल तर याद राखा,” बाई म्हणाल्या. “माझं सांगा.”

मग नवऱ्याने जपून विचारलं, “खाली काय असेल गं?”

बाईंनी आपलं बोट नाकापाशी नेलं आणि लगेच दूर केलं.

“नाकाला रुमाल बांधून घ्या,” त्या म्हणाल्या. “आणि काही खाऊ नका आधी.”